सीमा एकट्याने राखता येत नाही



जून २०२५ मध्ये मुंबईजवळ मीरा रोडला काम करणाऱ्या एका गवंड्याला पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पकडले. तो बंगाली बोलत होता, पण होता आपल्याच मुर्शिदाबाद जिल्ह्यातला. घरच्यांनी कागदपत्रे पाठवली, तरी काही दिवसांत त्याला सीमेपलीकडे ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने धावपळ केल्यावर तो परतला. त्याच महिन्यात दिल्लीतून एका गर्भवती महिलेचीही अशीच रवानगी झाली. ती बांगलादेशातल्या तुरुंगात गेली. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला परत आणण्याचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये ती मायदेशी आली.

घुसखोरीचा प्रश्नच नाही, असे मी म्हणत नाही. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे. ती नद्यांतून, भातशेतीतून, वस्त्यांना खेटून जाते. तिथून माणसे येतात, गुरे आणि अमली पदार्थ जातात. आपल्या देशात कोण येईल हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला आहे. आपण सगळे त्याच अधिकारापुढे पासपोर्ट हातात धरून रांगेत उभे राहिलो आहोत. वाद आहे तो हा अधिकार कसा वापरायचा याबद्दल.

एखाद्याला परत पाठवायचे, तर तो आपला नागरिक असल्याचे शेजाऱ्याने मान्य करावे लागते. नाव-पत्ता पलीकडे कळवायचा, तिथे पडताळणी व्हायची आणि मग माणूस सोपवायचा, हा रीतसर मार्ग. मे २०२५ पासून मात्र ही पायरी गाळून अनेकांना पलीकडे ढकलण्यात आले. बांगलादेशाने त्याबद्दल भारताला पत्र लिहून निषेध नोंदवला.

कोणतीही नवी चाचणी वापरण्याआधी आम्ही प्रयोगशाळेत दोन प्रश्न विचारतो. ती किती वेळा चुकते? आणि चूक झाली तर ती लक्षात कशी येणार? बोलीवरून आणि चेहऱ्यावरून नागरिकत्व ठरवणारी चाचणी या दोन्ही प्रश्नांत नापास होते. बंगाली बोलणारे कोट्यवधी लोक भारतीय आहेत. ज्यांच्यामागे राज्य सरकार किंवा वकील उभा राहिला, त्यांच्याच बाबतीतली चूक आपल्याला कळली.

सुरक्षा खरोखर कशाने वाढली, याचाही हिशेब मांडून पाहू. इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी १९७४ मध्ये केलेला सीमा करार २०१५ मध्ये शंभराव्या घटनादुरुस्तीने पूर्ण झाला. दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडले नाही. ३१ जुलैच्या मध्यरात्री १६२ छिटमहालांची अदलाबदल झाली आणि पन्नास हजारांहून अधिक लोकांना नागरिकत्व निवडता आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बांगलादेशाने 'उल्फा'चे अनुप चेतिया यांना भारताच्या स्वाधीन केले. आसामला छळणाऱ्या संघटनेचा नेता तारेच्या कुंपणाने हाती लागला नव्हता, तो शेजाऱ्याच्या सहकार्याने लागला.

पण आपल्या धोरणाने ही मैत्री एका शेख हसीनांच्या भरवशावर ठेवली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी त्या देश सोडून भारतात आल्या आणि तिथल्या लोकांत साचलेला राग उघड झाला. जानेवारी २०११ मध्ये कुंपण ओलांडताना गोळी लागून मेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा मृतदेह तारांवर कित्येक तास लटकत होता. आरोपी जवानाला दलाच्याच न्यायालयाने दोनदा निर्दोष सोडले. आपण ते विसरलो, बांगलादेश विसरला नाही.

"शेजारी पडताळणीच करत नसेल तर काय करायचे?" हा प्रश्न रास्त आहे. पडताळणीला मुदत घालून घ्या. ढाक्यात कोणाचेही सरकार असो, त्याच्याशी बोलत राहा. पकडलेला माणूस न्यायाधीशासमोर उभा राहिल्याशिवाय आणि त्याने सांगितलेल्या राज्याचे उत्तर आल्याशिवाय त्याला सीमेवर नेऊ नका. याला वेळ लागेल, पण चुकून हाकललेल्या नागरिकाला परत आणायला त्याहून जास्त लागतो.

मार्च २०२५ मध्ये इथल्या सरकारने १७९८ च्या कायद्याचा आधार घेऊन व्हेनेझुएलाच्या लोकांना सुनावणीविना एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी निषेधाच्या पत्रांवर सह्या केल्या. कारण उद्या ग्रीन कार्डवाल्यांची पाळी येईल, हे आपल्याला दिसत होते. मीरा रोडच्या गवंड्याजवळ ग्रीन कार्डाहून मोठी गोष्ट होती. तो भारताचा नागरिक होता. त्याच्यासाठीही आपण सही करणार आहोत का?