फिशटँकचे पाणी बदलायची नळी : विकतची की घरची?

मुलांच्या हट्टापायी मोठ्या हौसेने घरात आणलेला फिशटँक वर्ष-दीड वर्षात माळ्यावर का जातो? मासे महाग असतात म्हणून नव्हे, की खाण्याचा खर्च परवडत नाही म्हणूनही नव्हे. खरे कारण असते ती बादली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे १८० लिटर पाणी मावते. त्यातले पाव पाणी बदलायचे म्हणजे ४५ लिटर, अर्थात १५ लिटरच्या तीन बादल्या बाहेर आणि तीन आत. एकूण ९० किलो वजन दिवाणखान्यातून न्हाणीघरापर्यंत! हौस मुलांची असली तरी हे काम शेवटी बहुधा घरच्या गृहिणीच्याच कमरेवर येते. त्यात फरशीवर पाणी सांडते, कुणीतरी घसरते आणि ‘कशाला आणले हे मासे?’ असा सूर निघतो.

मग काम पुढे ढकलले जाते. एक दिवस पाणी हिरवे दिसू लागले की सगळा टँक रिकामा करून, खडे नळाखाली घासून-पुसून लख्ख केले जातात. आणि दोन-चार दिवसांत मासे मरू लागतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. खड्यांत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक असे नायट्रेट करतात. खडे क्लोरीनच्या पाण्याने धुतले की हे जिवाणूच नाहीसे होतात. म्हणून थोडे पाणी पण नियमितपणे, आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाव हिस्सा, बदलणे हाच खरा उपाय. हे काम सोपे करते ती नळी.

विकतच्या नळीचे दोन प्रकार

पहिला प्रकार साधा. रुंद प्लॅस्टिकचे तोंड, मध्ये दाबायचा रबरी फुगा आणि पुढे नळी. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट असो, कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार असो की चेन्नईतले कोळत्तूर, मासे मिळतात तिथे ही नळी मिळते. दोन फुटी टँकसाठी ती अगदी पुरेशी आहे. अशा टँकमध्ये पाणी जेमतेम ५४ लिटर, म्हणजे बदलायची ती एकच बादली. तेवढ्यासाठी घरी खटाटोप करण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार परदेशी पद्धतीचा. लांब नळी थेट नळाला जोडायची. नळाचे पाणी जोराने वाहू लागले की जोडाजवळ दाब कमी होतो आणि टँकमधले पाणी ओढले जाते. झडप फिरवली की त्याच नळीने ताजे पाणी टँकमध्ये. बादलीला हातही लावायला नको. ऐकायला सुरेख, पण आपल्या घरांत तीन अडचणी येतात. एक म्हणजे आपल्या नळांचे तोंड बहुधा त्या जोडाला बसत नाही. दुसरी म्हणजे दाब. गच्चीवरच्या टाकीपासून नळ जितका खाली तितका दाब जास्त, त्यामुळे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांकडे पाणी ओढण्याइतका जोरच नसतो. तिसरी अडचण सर्वांत मोठी. टँकचे पाणी निघत असताना नळाचे पिण्याजोगे पाणीही गटारात जात राहते. जिथे सकाळी तासभर पाणी येते तिथे ही चैन कोणाला परवडणार?

घरी कशी कराल?

तीन फूट व त्याहून मोठ्या टँकसाठी घरी केलेली नळीच सोयीची. हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंच पोकळीची पारदर्शक नळी मीटरवर घ्या. लांबी टँकपासून न्हाणीघराच्या मोरीपर्यंत मोजून त्यात एक-दोन मीटर जास्त धरा. सोबत प्लॅस्टिकची एक झडप आणि दोन क्लिपा घ्या.

तोंडासाठी पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी, कडक बाटली घ्या. तिचा तळ कापा आणि कडा पॉलिशपेपरने घासा, म्हणजे माशांना इजा होणार नाही. झाकणाला नळीपेक्षा किंचित लहान भोक पाडा. नळीचे टोक गरम पाण्यात मऊ करून त्यातून दाबून बसवा. रुंद बाटलीत पाण्याचा वेग कमी होतो, त्यामुळे खडे उचलले जाऊन पुन्हा खाली पडतात आणि हलकी घाण तेवढी नळीतून निघून जाते. पिल्ले असतील तर तोंडाला जाळी बांधा. नळीच्या दुसऱ्या टोकाला झडप बसवून क्लिप आवळा. नव्या नळीला वास असेल तर वापरण्यापूर्वी ती दोन-तीनदा पाण्याने धुवा.

सायफन सुरू करण्यासाठी तोंडाने पाणी ओढू नका, ते आरोग्याला अपायकारक आहे. बाटलीची उघडी बाजू वर धरा. झडपेचे टोक तितक्याच उंचीवर उघडे ठेवून तांब्याने पाणी ओता. झडपेशी पाणी दिसले की ती बंद करा. बाटलीवर तळहात दाबून ती टँकमध्ये बुडवा आणि उलटी करा. आता झडप मोरीत नेऊन उघडा. मोरी टँकपेक्षा खाली असल्याने पाणी आपोआप वाहू लागेल. किती पाणी काढायचे त्याची खूण आधीच काचेवर चिकटपट्टीने करून ठेवा आणि नळी चालू असताना फोन घ्यायला जाऊ नका.

पाणी भरताना

आदल्या रात्री उघड्या पिंपात साठवलेल्या पाण्यातला साधा क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असते, ते असे उडत नाही. तिथे दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब वापरावेत. पिंपातले पाणी चढवायला कूलरचा छोटा नवा पंप पुरतो. मात्र पंप चालू असताना पाण्यात हात घालू नका. आधी प्लग काढा. थंडीच्या दिवसांत पाणी टँकच्या पाण्याइतकेच कोमट आहे ना, हे पाहूनच ओता.

काही जण नळालाच नळी जोडून तिचे टोक टँकमध्ये बुडवून ठेवतात. हे कटाक्षाने टाळा. अचानक पाणी गेले की रिकाम्या पाइपात टँकचे घाण पाणी उलटे ओढले जाऊ शकते, आणि त्याच पाइपातून घरच्यांचे पिण्याचे पाणी येते.

मग निवड कोणती?

टँक दोन फुटी असेल तर दुकानातली फुग्याची नळी आणि एक बादली. तीन फुटांपुढे घरची नळी. झडप-क्लिपांचा कंटाळा असेल तर मधला मार्ग आहे : तोंड आणि फुगा विकतचा, पुढची लांब नळी आपली. नळाला जोडायचा परदेशी संच अखंड पाणी आणि भरपूर दाब असलेल्यांनीच घ्यावा. त्यांनीही ओढ सुरू झाल्यावर झडपेचे टोक मोरीत सोडून नळ बंद करावा. पुढचे काम उतारच करतो.

काढलेले पाणी मोरीत घालवण्यापेक्षा बादलीत धरा. तुळस, मनीप्लँट, गुलाब यांना ते खतासारखे मानवते. माशांना औषध किंवा मीठ दिले असेल तेव्हा मात्र ते झाडांना घालू नका.

रविवारी सकाळी नळी लावण्याचे काम मुलांवर सोपवा. टँक त्यांच्या हौसेचा, तर त्याची निगाही त्यांचीच. आईने फक्त काचेवरच्या खुणेकडे लक्ष ठेवावे.