सुया, टेन्शन आणि आयव्हीएफ

गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयाच्या ओपीडीत ३४ वर्षांची एक शिक्षिका सासूबाईंसोबत आली. आयव्हीएफचा पहिला प्रयत्न फसलेला. दुसऱ्या प्रयत्नाआधी कुणीतरी तिला ॲक्युपंक्चरच्या १२ बैठकांचे पॅकेज सुचवले होते. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, ही फार टेन्शन घेते, म्हणून दिवस राहत नाहीत. सुयांनी टेन्शन गेलं की राहतील ना?" सून मान खाली घालून बसली होती.

या बोलण्यात दोन प्रश्न आहेत. पहिला, सुयांमुळे मूल होण्याची शक्यता वाढते का? या आशेला बळ मिळाले २००२ साली. जर्मनीत १६० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात गर्भाशयात भ्रूण सोडण्याच्या आधी आणि नंतर २५-२५ मिनिटे ॲक्युपंक्चर देण्यात आले. सुया घेतलेल्या ८० जणींपैकी ३४ जणींना, तर न घेतलेल्या ८० जणींपैकी २१ जणींना गर्भधारणा झाली. फरक मोठा होता. पण दुसऱ्या गटाला कोणत्याच सुया दिलेल्या नव्हत्या. त्यामुळे परिणाम सुयांचा, अपेक्षेचा की निव्वळ योगायोगाचा, हे सांगता येत नव्हते.

म्हणून पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर अधिक काटेकोर अभ्यास झाला. त्यात एका गटाला खऱ्या सुया दिल्या, दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या सुया. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. मूल जन्माला येण्याचे प्रमाण खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के, तर खोट्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. त्यामुळे "सुया घ्या, यशाची शक्यता वाढेल" असे सांगून पॅकेज विकणे योग्य नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टेन्शनमुळे आयव्हीएफ फसते का? १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये हे तपासले गेले. उपचारांआधी मनावर ताण असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या यशात फरक दिसला नाही. आमच्या या शिक्षिकेच्या दोन्ही गर्भनलिका जुन्या क्षयरोगामुळे बंद आहेत. त्या टेन्शनने बंद झाल्या नाहीत आणि सुयांनी उघडणारही नाहीत.

मग ॲक्युपंक्चर घेऊच नये का? तसे नाही. रोजची इंजेक्शने, सोनोग्राफीच्या फेऱ्या, रिपोर्टची वाट पाहणे यांत बाई थकून जाते. अर्धा तास शांत पडून राहणे, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणे, यानेही बरे वाटते. काही अभ्यासांत ॲक्युपंक्चरनंतर चिंता कमी झाल्याचे आढळले आहे. ज्यांना परवडते आणि आवडते त्यांनी ते जरूर घ्यावे. मात्र स्वतःला बरे वाटावे म्हणून, निकालाची हमी म्हणून नव्हे.

काही पथ्ये मात्र पाळा. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे; उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत आहे का, हे विचारा. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे किंवा इंजेक्शने चालू असतील तर आधी सांगा. आयव्हीएफच्या डॉक्टरांपासून काही लपवू नका. सुयांसाठी आयव्हीएफ पुढे ढकलू नका. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वेगाने घटते, गेलेले महिने परत मिळत नाहीत. आणि यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

त्या दिवशी मी सासूबाईंना म्हटले, "मावशी, हिच्या टेन्शनमुळे काही अडलेलं नाही. नळ्या बंद आहेत, त्यात हिचा काय दोष?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी इंजेक्शनला मी येते सोबत."

सुनेने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.