टाकीतले डिझेल आणि काट्याची साक्ष

मोजमापाच्या साधनात दोष असणे ही आपल्या व्यवहारात नवलाची गोष्ट नव्हे. परंतु दोषादोषांतही भेद असतो. भिंतीवरचे घड्याळ कायम दहा मिनिटे पुढे असेल तर त्या घरात कोणाचेही काही अडत नाही. वजाबाकी करण्याची सवय लागते, इतकेच. तेच घड्याळ कधी दहा मिनिटे पुढे आणि कधी वीस मिनिटे मागे असू लागले, तर ते असून नसल्यासारखेच. जुन्या पिकअप गाड्यांतील इंधनाचा काटा बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो. विषय क्षुल्लक वाटेल खरा. परंतु नारायणगावचा टोमॅटो पहाटेपूर्वी वाशीच्या बाजारात उतरतो तो अशाच गाड्यांतून, आणि उशिरा पोहोचलेल्या मालाला काय भाव मिळतो हे शेतकऱ्याला विचारावे.

या काट्याची रचना मोठी साधी आहे. टाकीत एक फ्लोट डिझेलवर तरंगत असतो. त्याची दांडी वरखाली होते तसा तारेच्या गुंडाळीवरचा संपर्कबिंदू सरकतो, विजेच्या मार्गातील रोध बदलतो आणि त्यानुसार समोरचा काटा हलतो. जुन्या गाड्यांत काट्यामागे पुष्कळदा द्विधातूची पट्टी असते. ती तापेल तशी वाकते. म्हणूनच चावी फिरवल्यावर काटा एकदम न उठता सावकाश वर चढतो. वर्षानुवर्षे घासून ती तार एखाद्या जागी झिजली, की टाकी त्या पातळीला येताच काटा अकस्मात कोसळतो आणि थोड्या अंतराने पुन्हा सावरतो. अर्थिंगच्या जोडावर गंज चढला, तर अशा रचनेत भरलेली टाकीही अर्धी दिसू लागते. काही गाड्यांत इंधनाचा आणि इंजिनच्या उष्णतेचा असे दोन्ही काटे एकाच व्होल्टेज नियंत्रकावर चालतात. ते दोन्ही एकाच वेळी बहकले तर टाकी उघडण्याआधी तो नियंत्रक तपासावा, हे जाणता इलेक्ट्रिशियन सांगतो. शिवाय टाकीचा आकार सर्वत्र सारखा नसल्याने अर्ध्यावरचा काटा म्हणजे अर्धे डिझेल असे होतेच असे नाही. आणि नारायणगावाहून वाट कोणतीही धरली तरी सह्याद्री उतरावाच लागतो. उतारावर डिझेल टाकीच्या एका अंगाला जाते आणि फ्लोट असेल त्या जागेप्रमाणे काटा दिलासा देतो किंवा घाबरवतो.

चालक यावर आपल्या परीने उपाय काढतो. टाकी ठोकून आवाज ऐकतो, तोंडातून पट्टी बुडवून पाहतो, किलोमीटर खिशातल्या वहीत टिपून ठेवतो. सर्वांत खरी रीत एकच: टाकी काठोकाठ भरावी, गाडी चालवावी, पुन्हा काठोकाठ भरावी आणि पंपावरच्या आकड्याला प्रमाण मानून ॲव्हरेज काढावे. पंपावरील यंत्राची वैधमापनशास्त्र खात्याकडून दरवर्षी पडताळणी होते. गिऱ्हाईक मागेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापात ओतून दाखवण्याचीही तेथे सोय असते. म्हणजे खरे माप उपलब्ध आहे. पण ते ज्याला टाकी काठोकाठ भरणे परवडते त्याला. ज्याच्या हातात एका फेरीचेच भाडे आहे, तो पाचशे-हजारांचे डिझेल भरतो, त्याची टाकी बाराही महिने तळाच्या चतुर्थांशात असते, आणि जेथे काट्याची लहर सर्वांत महाग पडते तेथेच त्याला त्या काट्यावर विसंबावे लागते.

केन्सने 1936 च्या आपल्या ग्रंथात लोक पैसा हाताशी का ठेवतात याची तीन कारणे सांगितली: व्यवहार, सावधगिरी आणि सट्टा. काट्याचा भरवसा नसलेला चालक टाकीत अधिक डिझेल राखतो तो सावधगिरीपोटीच. साठ लिटरच्या टाकीत पाव टाकी कायम राखावयाची आणि डिझेल लिटरला नव्वद रुपये धरावयाचे, तर साडेतेराशे रुपये टाकीत अडकून पडले. (जून 2017 पासून दर रोजच्या रोज ठरण्याची पद्धत आल्याने तिसऱ्या कारणालाही थोडा वाव मिळाला, हा भाग वेगळा.) ही रक्कम वाहतूक कंपनीला काहीच नव्हे, एका गाडीवर पोट असणाऱ्याला तो घरातल्या आठवड्याच्या किराण्याचा प्रश्न आहे. सावधगिरी न बाळगावी तर दंड याहून जड. पेट्रोलची गाडी बंद पडली तर कॅनमधून ओतले की ती बहुधा चालू होते. डिझेलच्या नळीत मात्र हवा शिरते. ती हातपंपाने बाहेर काढीपर्यंत इंजिन दाद देत नाही, आणि हे काम रात्री घाटात, मागून येणाऱ्या ट्रकच्या झोतात करावे लागते.

मग काटा दुरुस्त का होत नाही? गाडी चालकाची स्वतःची असेल तर तो आज ना उद्या होतो. परंतु मालक एक आणि चालक दुसरा असेल तेथे हिशेब निराळा होतो. दुरुस्तीचा खर्च मालकाच्या खिशातून जावयाचा. घाटात अडकण्याचा त्रास, आणि बहुतेक ठिकाणी उशिराबद्दलचा ठपकाही, चालकाच्या वाट्याला यावयाचा. मालकाच्या दृष्टीने चालणारी गाडी ही चांगलीच गाडी. त्यातच खोटा काटा दोघांमध्ये संशय पेरतो. डिझेल कमी दिसले की मालकाला चोरी दिसते. चालकापाशी निर्दोषपणाचा पुरावा नसतो, कारण साक्षीदार जो काटा, तोच फितूर. कोठे कोठे चालकालाही ही संदिग्धता सोयीची वाटत असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिच्यापायी प्रामाणिक चालकाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही, हे अधिक वाईट.

पासिंगची तारीख जवळ आली की हाच मालक रंग, परावर्तक पट्ट्या, दिवे, हॉर्न यांवर विनातक्रार खर्च करतो आणि गाडी इलेक्ट्रिशियनच्या दारात उभी करतो. अर्थिंगचा जोड घासून काढणे आणि टाकीवरचे झाकण उघडून फ्लोट व तार पाहणे ही कामे त्याच फेरीत होण्यासारखी आहेत, आणि त्यांचा खर्च डिझेलच्या व टायरच्या खर्चाप्रमाणे धंद्याच्या खात्यावर लिहिला जावा. तोपर्यंत भाड्याच्या बोलीतच मालकाने दर पंधरवड्याला एकदा टाकी स्वतःच्या पैशाने काठोकाठ भरून द्यावी आणि पंपाची पावती दोघांनी वहीत लावावी, एवढी अट चालकांनी घालावयास हरकत नाही.