काम काय करता, हे कोण विचारणार?

लघवीत रक्त पडलं की आमच्या वस्तीत दोनच निदानं. म्हातारी म्हणते उन्हाळी लागली, सब्जा पी. डॉक्टर म्हणतो खडा, नायतर इन्फेक्शन. गोळ्या घे, चल, पुढचा! दोन दिवसांत रक्त आपोआप थांबतं. डॉक्टर खूश, गोळी लागू पडली. इथंच दगा आहे. कॅन्सरचं रक्त बहुतेकदा दुखत नाही, येतं नि जातं.

माझा बाप रंगाच्या कारखान्यात पिपं धुवायचा. त्याचं बनियन धुतलं की मोरीत जांभळं पाणी. दवाखान्यात नाव विचारलं, आडनाव दोनदा विचारलं (कशाला, ते तुम्हाला ठाऊक आहे). धंद्याच्या रकान्यात लिहिलं 'मजुरी'. कसली मजुरी? कुणी विचारलं नाही. दुर्बिणीनं मूत्राशय बघितलं, स्वच्छ निघालं, घरी धाडलं. गाठ वर मूत्रवाहिनीत होती.

म्हणे दुर्मिळ! असेल. या अस्तराच्या शंभर कॅन्सरांत पाच-दहाच वरच्या भागात होतात. म्हणून बघायचंच नाही? रक्त वरनं येत असेल तर खालची दुर्बीण काय दाखवणार, कपाळ? शिरेत औषध सोडून सीटी काढा, लघवीतल्या पेशी तपासा, लागलं तर मूत्रवाहिनीत नळी घालून तुकडा काढा. लघवीच्या नळीचा कॅन्सर तर आणखी दुर्मिळ. धार बारीक झाली की नळी आकसली म्हणून ताणत बसतात. आणि बाया? कल्चरमध्ये जंतू नसला तरी अँटिबायोटिकच्या कोर्सावर कोर्स.

हे नवं नाही. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जननं रंगाच्या कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयातल्या गाठी जगापुढं मांडल्या. बाबासाहेब तेव्हा चार वर्षांचे होते. आपल्याकडं बेन्झिडिनच्या रंगांवर बंदी आली १९९३ ला. मधली ९८ वर्षं कुणाच्या मुतातनं वाहिली? आणि बंदी आली म्हणून सुटलो असंही नाही. विष अंगात गेल्यावर गाठ उगवायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात. कारखाना बंद पडतो, मालक नाव बदलतो, पिपं धुणारा मात्र तोच देह घेऊन रांगेत उभा.

तेव्हा दोस्तांनो, विचारायची वाट बघू नका. रंग, रबर, चामड्याची रंगाई, जिथं कुठं आयुष्य घातलं ते कारखान्याच्या नावासकट, सालासकट सांगा. 'मजुरी' खोडायला लावा. केसपेपरवर लिहून घेतल्याबिगर टेबलापुढनं हलू नका.