कला म्हणजे गळाला लावलेले आमिष नव्हे

चीनमधील येशूसंघीय मिशनरींविषयी आपल्या समाजात एक आवडती कथा आहे. सण-समारंभांतील भाषणांत आणि स्मरणिकांच्या पानांवर ती पुन्हा पुन्हा भेटते. फादर मात्तेओ रिची यांनी बादशहाला घड्याळे आणि वाद्य नजर केले, ब्रदर कास्तिल्योने यांनी त्याचे घोडे रंगविले आणि चीनचे बंद दरवाजे उघडले, अशी ती कथा. ऐकणारे मिशनरींच्या हुशारीला टाळ्या देतात. गंमत अशी की मिशनरींचे टीकाकारही नेमकी हीच कथा सांगतात. फक्त टाळीच्या जागी शिवी असते. त्यांच्या मते संगीत आणि चित्रकला हे धर्मांतराच्या गळाला लावलेले आमिष होते. स्तुतिपाठक आणि निंदक यांचे मूळ गृहीत एकच आहे : कला हे साधन, बादशहा हे सावज, देणारा नेहमी युरोप आणि घेणारा नेहमी चीन. आमचा वाद या दोघांशीही आहे.

देवाणघेवाण या शब्दात देणे आहे तसे घेणेही आहे. देणाऱ्याने शिकावयास नकार दिला की मागे उरते ती खैरात किंवा जाहिरात. चीन आणि युरोप यांच्यामध्ये स्वरांच्या व रंगांच्या द्वारे जे घडले ते या कसोटीवर घासून पाहावे, एवढीच आमची मागणी आहे.

प्रथम रिची यांच्याकडे वळू. १५७८ साली ते गोव्यात उतरले तेव्हा पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञानाच्या वरच्या वर्गांपासून दूर ठेवण्याच्या धोरणाला त्यांनी १५८१ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात विरोध केला. १५७९ मध्ये त्याच गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढे आपल्या ओवीत ख्रिस्तपुराण रचले, हे वाचकांना सांगावयास नको. एकाच बंदरातून फुटलेल्या या दोन वाटा एकाच वृत्तीच्या आहेत. रिची १५८३ मध्ये चीनमध्ये स्थायिक झाले. त्यांचे वाद्य बीजिंगच्या राजवाड्यात पोहोचले ते १६०१ मध्ये. मधली अठरा वर्षे चिनी भाषा आणि चिनी ग्रंथ यांच्या अभ्यासात गेली. वान्ली बादशहाला नजर केलेले क्लॅव्हिकॉर्ड हे पट्ट्यांचे तंतुवाद्य कसे वाजवावे, हे फादर दिएगो दे पांतोहा यांनी दरबारातील चार खोजांना शिकविले. वाजविण्याबरोबर गावयास शब्द हवेत अशी मागणी झाली, तेव्हा रिची यांनी चिनी भाषेत आठ गीते रचली. त्यांत धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे नाहीत. आयुष्य थोडे आहे, सद्‌गुण जोडावा, असा कोणाही चिनी विद्वानाला पटेल असा विचार आहे. आमिष लावणारा मनुष्य माशाची भाषा शिकत अठरा वर्षे काठावर बसत नसतो.

आणि ज्या देशात हे वाद्य गेले तो स्वरांच्या बाबतीत अडाणी होता काय? चू झाई-यू या मिंग घराण्यातील राजपुत्राने सप्तकातील बारा स्वर समान अंतरांवर बसविण्याचे गणित १५८४ मध्येच मांडले होते. पियानो आज ज्या स्वररचनेत लावतात तिचेच हे गणित. आपल्या स्मरणिकांत या राजपुत्राचे नाव का नसते?

कांगशी बादशहाच्या दरबारातील पोर्तुगीज फादर तोमास परेरा यांची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. दरबारी वादकांनी वाजविलेली चिनी सुरावट त्यांनी एकदा ऐकून कागदावर उतरविली आणि तशीच्या तशी ऐकवली. बादशहा थक्क झाला, इथे आपली गोष्ट संपते. खरे तर ती इथे सुरू होते. बादशहाला कुतूहल वाटले ते स्वरलेखनाच्या शास्त्राचे. परेरा यांनी व त्यांच्यानंतर इटालियन फादर तेओदोरिको पेद्रिनी यांनी ते शास्त्र समजावून दिले आणि संगीतशास्त्रावरील चिनी राजग्रंथात त्याला जागा मिळाली. कांगशी हा सावज नव्हता. तो चोखंदळ विद्यार्थी होता. काय घ्यावे आणि काय सोडावे हे त्याला कळत होते.

आता कास्तिल्योने. मिलान येथे १६८८ मध्ये जन्मलेले हे ब्रदर १७१५ मध्ये बीजिंगला आले आणि १७६६ मध्ये तेथेच मरण पावले. एक्कावन्न वर्षांत तीन बादशहा झाले. चेहऱ्याची एक बाजू काळोखात ठेवण्याची युरोपीय रीत चिनी डोळ्यांना डाग पडल्यासारखी दिसे. कास्तिल्योने यांनी ती सोडली. प्रकाश समोरून घेतला, रेशमावर चिनी रंगांनी काम केले, लांबलचक गुंडाळीचे चित्र आत्मसात केले. त्यांचे 'शंभर घोडे' हे चित्र पावणेआठ मीटर लांब आहे. ते त्यांनी १७२८ मध्ये पूर्ण केले. हे साल वाचकांनी नीट लक्षात ठेवावे, कारण त्याच्या चार वर्षे आधी, १७२४ मध्ये, युंगचंग बादशहाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली होती. चित्रकार दरबारात राहिला आणि प्रांतोप्रांतीच्या मिशनरींना घालवून देण्यात आले. कला हे आमिषच असेल, तर मासा आमिष खाऊन गळ टाकून गेला, असे म्हणावे लागेल! दरवाजे उघडल्याच्या कथेचे मग काय उरते?

यावर कोणी म्हणेल की ही माणसे श्रद्धेच्या प्रसारासाठीच गेली होती, हे का लपविता? आम्ही लपवीत नाही. छळ थांबावा म्हणून कास्तिल्योने यांनी १७३६ मध्ये चिएनलुंग बादशहापुढे गुडघे टेकून याचना केली. ते प्रथम व्रतस्थ होते. परंतु हेतू असणे आणि कपट असणे यांत अंतर आहे. आपली श्रद्धा दुसऱ्याला कळावी असे वाटणारा मनुष्य दुसऱ्याचे मन ओळखण्यासाठी स्वतःचा हात, कान आणि डोळा बदलावयास तयार असेल, तर त्याला कपटी म्हणता येत नाही.

शिवाय चीनच्या बाजूलाही कर्ते लोक होते. न्यान शी-याव या अधिकाऱ्याने कास्तिल्योने यांच्या मदतीने यथादर्शनावर, म्हणजे चित्रात दूर-जवळचा भास साधण्याच्या शास्त्रावर, १७२९ मध्ये चिनी ग्रंथ लिहिला. त्याहून मोठे नाव वू ली यांचे. १६३२ मध्ये जन्मलेले वू ली हे त्या काळच्या चीनमधील सहा श्रेष्ठ चित्रकारांत गणले जातात. ते येशूसंघात आले आणि १६८८ मध्ये पहिले चिनी बिशप लुओ वन-झाव यांच्या हस्ते धर्मगुरू झाले. युरोपीय चित्रे त्यांनी मकावला पाहिली, त्यांतील छायाप्रकाशाची नोंद केली आणि आपली निसर्गचित्रे चिनी वळणानेच काढीत राहिले. ख्रिस्ती श्रद्धेची गीते त्यांनी चिनी गीतांच्या छंदात रचली. ख्रिस्ती होण्यासाठी त्यांना आपला कुंचला बदलावा लागला नाही.

युरोपने काय घेतले? फादर जोझेफ-मारी आमियो १७५१ मध्ये बीजिंगला आले आणि त्यांनी रामो या नामवंत फ्रेंच रचनाकाराचे तुकडे चिनी श्रोत्यांना वाजवून दाखविले. श्रोते हलले नाहीत. हे सूर आमच्या हृदयापर्यंत पोहोचत नाहीत, अशा आशयाचे नम्र उत्तर आमियो यांना मिळाले. दुसरा कोणी असता तर श्रोत्यांना असंस्कृत ठरवून मोकळा झाला असता. आमियो चिनी संगीतशास्त्र शिकावयास बसले. त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ १७७९ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी चिनी सुरावटींत बसविलेल्या ख्रिस्ती प्रार्थनांचा संग्रहही फ्रान्सला पाठविला. ब्रदर आतिरे यांनी १७४३ मध्ये बीजिंगच्या राजोद्यानांचे वर्णन करणारे पत्र लिहिले आणि त्याने युरोपातील उद्यानांची अभिरुची बदलण्यास हातभार लावला.

मग हे सारे तुटले का? कला अपुरी पडली म्हणून नव्हे. पूर्वजांना आणि कन्फ्यूशियसला वंदन करण्याच्या चिनी रीती ख्रिस्ती माणसाला चालतील की नाहीत, या वादात रोमने १७०४, १७१५ आणि १७४२ मध्ये मनाई केली. १७१५ चा आदेश वाचून कांगशीने १७२१ मध्ये धर्मप्रसारास मनाई केली. ख्रिस्तसभेने स्वतःच ही बंधने शिथिल केली ती १९३९ मध्ये, म्हणजे १७४२ नंतर १९७ वर्षांनी. चिनी माणसाचे वाद्य, रंग व भाषा घेऊ, पण आईबापांपुढे वाकण्याची त्याची रीत घेणार नाही, असे ठरले आणि देवाणघेवाणीचा कणाच मोडला. पुढे कास्तिल्योने आणि फादर मिशेल बनुआ यांनी युआनमिंगयुआन या राजोद्यानात उभारलेले कारंज्यांचे महाल १८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच फौजांच्या लुटीत आणि आगीत सापडले. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांच्या सैनिकांनी ख्रिस्ती व्रतस्थांच्या हातचे काम उद्ध्वस्त केले, हेही स्मरणिकांनी छापावे.

१९२२ मध्ये पोपचे प्रतिनिधी म्हणून चीनला गेलेले चेल्सो कोस्तांतिनी यांनी चिनी वळणाच्या ख्रिस्ती कलेचा आग्रह धरला. त्यांच्या प्रोत्साहनाने चेन युआनतू यांनी शुभवर्तमानातील प्रसंग रेशमावर चिनी शैलीत रंगविले आणि पुढे १९३२ मध्ये बाप्तिस्मा घेऊन लूक हे नाव धारण केले. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही. वू ली यांनी हे तीन शतकांपूर्वी जगून दाखविले होते.

म्हणून भाषणे करणाऱ्यांना आणि स्मरणिका काढणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. बादशहाला थक्क केल्याची कथा आता पुरे झाली. मुलांना रिची यांच्याबरोबर चू झाई-यू, कास्तिल्योने यांच्याबरोबर न्यान शी-याव आणि या सर्वांच्या आधी वू ली यांचे नाव शिकवा. आमच्या मिशनरींनी काय दिले हे विचारणाऱ्या प्रत्येकाला, त्यांनी काय घेतले हेही सांगा. तेवढे धैर्य आपल्यात नसेल, तर आमिषाचा आरोप करणाऱ्यांवर रागावण्याचा आपल्याला अधिकार नाही; त्यांना तो शब्द आपणच पुरविला आहे.