पाना अंधारातही सापडला पाहिजे

मागच्या टर्ममध्ये किट ले-आउटला आमच्या डॉर्मचा पहिला नंबर आला. घड्या चौकोनी, बूट एका रेषेत, कंगवा आणि टूथब्रश समांतर. त्याच गुर्मीत मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बेंगळुरूला मामांकडे गेलो आणि त्यांच्या वर्कशॉपचा एक अख्खा दिवस वाया घालवला. तो का वाया गेला आणि त्यातून मला काय वाटू लागले, ते या पानावर मांडतो. विषय अवजारे नीट लावण्याचा आहे. पण आपण ज्याला शिस्त म्हणतो, तिच्याशीही त्याचा संबंध आहे.

मामांची शेड राजाजीनगरच्या औद्योगिक भागात आहे. सी. राजगोपालाचारी यांच्या नावावरून वसलेला हा भाग. मोठ्या रस्त्यावरून मेट्रो जाते, टेकडीवर इस्कॉनचे मंदिर आहे आणि आतल्या गल्ल्यांत शिरलो की लेथचा आवाज आणि कटिंग ऑइलचा वास सुरू होतो. मामांकडे एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि कोपऱ्यात वेल्डिंगचा सेट. काम करणारे तिघे: मामा, एक शिकाऊ मुलगा आणि ज्यांना सगळे मेस्त्री म्हणतात ते जुने कारागीर.

पहिल्याच दिवशी मला शेड बघवेना. टेबलावर पाने, कानशी, ड्रिल बिट, चहाचे ग्लास, तेलकट चिंध्या, सगळे एकत्र. रविवारी शेड बंद असते. मी मामांकडून चावी मागून घेतली आणि दिवसभर एकट्याने साफसफाई केली. सगळे पाने लांबीप्रमाणे लावून एका ड्रॉवरमध्ये ठेवले. सगळ्या चाव्या, म्हणजे कुलपाच्या, ॲलन की आणि लेथच्या चकची चावी, दुसऱ्या ड्रॉवरमध्ये गेल्या. तेलाची कॅन दाराआड ठेवली. लेथजवळ पडलेले गंजके, वेडेवाकडे तुकडे भंगाराच्या पिंपात टाकले. संध्याकाळी टेबल इतके स्वच्छ दिसत होते की मी त्याचा फोटो काढला.

सोमवारी सकाळी मेस्त्री आले आणि त्यांनी पहिला शब्द उच्चारला, "एल्लिदे?" कन्नडमध्ये याचा अर्थ, कुठे आहे? दिवसभर मी तो शब्द इतक्या वेळा ऐकला की आता विसरणार नाही. चकची चावी कुठे आहे? तेल कुठे आहे? शेवटी त्यांनी खाच पाडायचे टूल मागितले. मी भंगारात टाकलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यांपैकी एक तुकडा म्हणजे तेच टूल होते. त्या ऑर्डरसाठी मेस्त्रींनी ते स्वतः ग्राइंडरवर घासून तयार केले होते. पिंप उपसूनही ते मिळाले नाही. त्यांना पुन्हा नवे घासावे लागले. दुपारी द्यायच्या चाळीस बुशी रात्री साडेनऊला गेल्या आणि गिऱ्हाईक फोनवर जे बोलले, ते मामांनी माझ्यासमोर ऐकून घेतले.

मामा मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "छान दिसतंय रे. पण दिसण्यासाठी मी शेड घेतलेली नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वही दिली आणि मेस्त्रींच्या शेजारी उभे केले. काम एकच, मेस्त्रींचा हात कुठे जातो ते लिहायचे. संध्याकाळी मी रेघा मोजल्या. चकची चावी ४३ वेळा. व्हर्निअर ३८ वेळा. ब्रश २० वेळा. ३०-३२ चा मोठा पाना, जो मी मोठ्या दिमाखात सगळ्यात पुढे ठेवला होता, एकदाही नाही. मी वस्तू लावल्या होत्या दिसण्याप्रमाणे. त्या लावायच्या असतात वापराप्रमाणे. सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकत्र ठेवणे ही दुकानाची मांडणी झाली. एका कामाला लागणाऱ्या वस्तू त्या कामाजवळ ठेवणे ही वर्कशॉपची मांडणी.

याचा अर्थ पसारा बरोबर आणि मी चूक, असा नाही. आधीची पद्धतही चालत होती ती फक्त मेस्त्रींमुळे. त्यांना सगळे पाठ होते. पण शिकाऊ मुलगा दर दहा मिनिटांनी त्यांनाच विचारायचा, आणि मेस्त्री गावी गेले की अर्धे काम अडायचे. माझी मांडणी फक्त मला कळत होती, जुना पसारा फक्त मेस्त्रींना. माझ्या मते वर्कशॉप लावले आहे असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा वस्तू न विचारता दुसऱ्याला सापडते आणि वापरल्यावर त्याच जागी परत जाते.

मला हे इतके का लागले, त्याला आणखी एक कारण आहे. माझे आजोबा निपाणीजवळ शेती करतात. दोन वर्षांपूर्वी उसाला पाणी द्यायची पाळी रात्रीची होती, कारण थ्री-फेज वीज तेव्हाच होती. पंपाच्या ग्लॅन्डमधून पाणी उडू लागले. नट आवळायला १८-१९ चा पाना हवा होता. घरात तो होता, हे नक्की. पण तो गोठ्यात होता, ट्रॅक्टरच्या सीटखाली होता की खताच्या पोत्यांमागे, हे कोणालाच माहीत नव्हते. तोंडात टॉर्च धरून आजोबांनी ढिला झालेला ॲडजस्टेबल पाना लावला. तो निसटला आणि हात पंपाच्या कडेवर आपटला. तळव्याला सात टाके पडले. पाण्याची पाळी गेली ती वेगळीच. पाना चार दिवसांनी सापडला, कडब्याखाली. तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. मला आता वाटते, यात नशिबाचा भाग थोडा आणि खिळ्याचा भाग जास्त होता. भिंतीवर त्या पान्यासाठी एक खिळा असता तर ती जखम झाली नसती.

म्हणून माझे म्हणणे असे की घरात किंवा शेतावर वर्कशॉप करताना पहिला खर्च अवजारांवर करू नये. बेंगळुरूच्या एस. पी. रोडला गेलात तर ड्रिल मशीन बघून कोणालाही मोह होईल, मलाही झाला. पण आधी घरात काय काय आहे ते एका जागी आणा. बहुतेक घरांत तीन पकडी आणि चार स्क्रू-ड्रायव्हर निघतात. फक्त लागतात तेव्हा सापडत नाहीत. मग एक प्लायवूडचा तुकडा भिंतीवर ठोका, प्रत्येक अवजार त्यावर टांगा आणि त्याच्या कडेने रंगाने बाह्यरेषा काढा. अवजार काढले की त्याचा रिकामा आकार दिसतो. काय परत आले नाही, हे भिंतच सांगते. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर बाल्कनीच्या दारामागे तीन फूट बाय दोन फूट पुरतात. शेतावर गोठ्याशेजारची पडवी पुरते, पण खताची पोती आणि औषधांच्या बाटल्या तिथून हलवा. खताच्या ओलाव्याने लोखंड लवकर गंजते, आणि औषध लागलेल्या हाताने पाना धरणे धोक्याचेच. वेल्डिंग किंवा ग्राइंडर असेल तर तो कडब्यापासून लांब. ठिणगी कुठवर उडते हे एकदा अंधारात पाहा, म्हणजे किती लांब ते कळेल.

नीट मांडणीने वेळ वाचतो, तसे हातही वाचतात. हे मला मेस्त्रींनी शिकवले. लेथच्या चकमध्ये चावी विसरून कोणी बटण दाबले तर ती चावी गोळीसारखी सुटते. म्हणून आता मामांच्या लेथच्या हेडस्टॉकवर, बटणाच्या शेजारीच चावीसाठी हूक आहे. हूक रिकामा असेल तर बटणाला हात लावायचा नाही. ग्राइंडरचा गॉगल आम्ही त्याच्या स्विचवरच टांगला आहे. स्विच दाबायचा तर गॉगल हातात घ्यावाच लागतो. ग्राइंडरचे चाक आणि जॉब टेकवायची पट्टी यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवायची नाही, नाहीतर जॉब आत ओढला जातो. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कारण बिट मोजा पकडतो आणि त्याबरोबर बोटही. हे नियम पाटीवर लिहून कोणी वाचत नाही. वस्तूची जागाच अशी ठरवावी की नियम आपोआप पाळला जाईल.

आता पालकांची शंका. माझ्या आईनेच ती विचारली, "दहावीचं वर्ष आहे, हे लोहारकाम कशाला?" तिला मी राजाजीनगरचेच उदाहरण दिले. मोटारी आणि जनरेटर बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी १९४६ साली बेंगळुरूत सुरू झाली, आणि तिचा कारखाना कित्येक वर्षे याच राजाजीनगरच्या भागात होता. ती सुरू करणारे रवी किर्लोस्कर हे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण त्यांना काही रंग ओळखू येत नसल्याचे कळले. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात १८८८ पासून मानतो, आणि ती सुरुवात म्हणजे बेळगावातला सायकलींचा छोटा धंदा. त्यानंतर कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. आपल्यापैकी प्रत्येक जण कारखाना काढेल असे मी म्हणत नाही. पण पुस्तकातला टॉर्क मला पान्याची दांडी लांब धरल्यावर समजला, हे आईला पटले.

शेवटी आपल्या शाळेबद्दल. काही मित्र म्हणतील की वर्कशॉपची शिस्त वेगळी आणि आपली वेगळी. सुट्टीवरून आल्यावर मीही किट ले-आउटला नाव ठेवले होते. मी आमच्या ड्रिलच्या उस्तादांना विचारले की कंगवा समांतर ठेवून लढाईत काय फायदा? ते हसले नाहीत. म्हणाले, रात्री अलार्म झाला आणि दिवे नसले तर बूट, बेल्ट आणि टोपी हाताला लागली पाहिजे, यासाठी जागा ठरवतात. रेष सरळ असणे ही त्यानंतरची गोष्ट. कोतमध्येही तसेच आहे. प्रत्येक रायफलला रॅकवर नंबर, बाहेर गेली तर रजिस्टरवर सही, परत आली तर सही. रिकामी जागा लगेच दिसते.

म्हणजे मेस्त्री आणि उस्ताद एकच गोष्ट सांगत होते. चुकलो आम्ही कॅडेट. बघणाऱ्यासाठी लावायचे तेवढे आम्ही शिकलो आणि लागेल तेव्हा सापडावे म्हणून लावायचे, हे विसरलो. खरे सांगायचे तर आमच्या डॉर्ममध्ये पहिला नंबर आला त्या दिवशी निम्मे सामान पलंगाखालच्या ट्रंकमध्ये कोंबलेले होते. इन्स्पेक्शन संपल्यावर मला माझे मोजे सापडायला दहा मिनिटे लागली.

माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक हाउसमध्ये एक अवजारांचा बोर्ड असावा. फार नको, पक्कड, हातोडा, दोन स्क्रू-ड्रायव्हर, १०-११ आणि १२-१३ चे पाने, सायकलचा पंप आणि तेलाची कॅन. शेजारी एक वही, घेताना सही, ठेवताना सही. पलंगाचा बोल्ट, खुर्चीचा पाय, फुटबॉलची हवा, हे आपले आपल्याला करता येईल आणि बोर्डची जबाबदारी दर महिन्याला वेगळ्या कॅडेटवर राहील. दुसरी सूचना, इन्स्पेक्शनच्या वेळी शेवटची दोन मिनिटे दिवे बंद करावेत आणि एखाद्या कॅडेटला सांगावे, तुझा डावा बूट आणि शेजाऱ्याचा टॉर्च आण. पहिल्या वेळी आमचा नंबर शेवटचा येईल, पण परीक्षा खरी होईल.

सुट्टी संपण्याआधी मी दोन दिवस गावी गेलो आणि आजोबांच्या पडवीत बोर्ड लावला. मी तो माझ्या उंचीला ठोकत होतो. आजोबा म्हणाले, "खाली घे बाळा, माझा खांदा एवढा वर जात नाही." मी खिळे उपसले आणि बोर्ड एक हात खाली घेतला. १८-१९ चा पाना दारापासून पहिल्या खिळ्यावर आहे. दिवा न लावता तो मी स्वतः काढून पाहिला आहे, आणि आजोबांनीही.