गांजा आणि युद्धाचा आघात: आधी चाचणी तर होऊ द्या
युद्धावरून परतलेल्या कित्येक अमेरिकी सैनिकांना दुःस्वप्ने झोपू देत नाहीत. 'पीटीएसडी'च्या या त्रासावर गांजाने आराम पडतो, असे त्यांच्यापैकी अनेक जण सांगतात. पुरावा मात्र तोकडा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८० माजी सैनिकांपैकी काहींना गांजा, तर काहींना नशा न आणणारा नमुना तीन आठवडे ओढायला दिला. बरे दोघांनाही वाटले. ठोस फरक दिसला नाही.

म्हणून विषय संपवायचा? मुळीच नाही. ८० माणसे, तीन आठवडे, एवढ्यावर काय ठरणार? ३२० सैनिकांच्या पुढच्या चाचणीला परवानगी मिळायला नोव्हेंबर २०२४ उजाडले, तेही औषध प्रशासनाशी तीन वर्षे वाद घातल्यावर. तोवर सैनिक स्वतःवरच प्रयोग करत होते आणि माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांना गांजाची शिफारस करायलाही मनाई होती.